पोटातलं विजेचं यंत्र आईला बसवावं का?

जुळेसोलापूरकर: आईला शुगर होऊन 18 वर्षं झाली. वर्षभरापासून जेवलेलं पोटात तसंच राहतं. परवा संध्याकाळी सहाला उलटी झाली, त्यात सकाळच्या शेंगाचटणीचा कूट जसाच्या तसा होता. डॉक्टर म्हणाले, शुगरने जठराच्या नसा मंदावल्यात, गॅस्ट्रोपॅरेसिस. गोळ्यांनी भागेना. आता जठराच्या भिंतीत दोन तारा अन् पोटाच्या कातडीखाली बॅटरी, असं यंत्र सुचवलंय. माझं मत, बसवावं. हृदयाला पेसमेकर चालतो, मग जठराला का नाही?

बाळीवेस: दादा, पेसमेकर म्हणूच नका, फसगत तिथेच होते. जठराची स्वतःची लय मिनिटाला 3 लाटांची. यंत्राचे झटके मिनिटाला 12 आणि इतके सौम्य, की त्यांनी जठर आकुंचन पावत नाही. अन्न पुढे सरकेल या आशेने पोट उघडू नका. अमेरिकेत 2000 साली परवानगी मिळाली, तीही मोजक्या रुग्णांच्या आजारासाठीच्या सवलतीतून. त्यात यंत्र सुरक्षित आहे एवढं दाखवावं लागतं, गुण येतोच हे पूर्ण सिद्ध करावं लागत नाही.

अक्कलकोटरोड: अन्न सरकत नाही हे मान्य. पण उलट्या थांबणं ही छोटी गोष्ट आहे का? फ्रान्समधला 172 रुग्णांचा अभ्यास 2020 साली छापून आला. यंत्र चार महिने चालू, चार महिने बंद. कधी चालू ते रुग्णाला ठाऊक नाही. चालू असताना उलट्या कमी झाल्या.

बाळीवेस: ताई, त्याच अभ्यासात जगण्याचा दर्जा सुधारला नाही, तेही लिहा की.

अक्कलकोटरोड: लिहिते. तरी जिने ती उलटीची बादली रोज धुतलीय, तिला दोन उलट्या कमी झाल्या तरी कळतं. मी सासूबाईंची धुतलीय.

बाळीवेस: तुमचं दुःख खोटं म्हणत नाही. पण दादा, आधी स्कॅन झालाय का? किंचित किरणोत्सर्गी द्रव्य घातलेलं जेवण देऊन चार तास फोटो काढतात. चार तासांनी 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरलं, तर जठर मंद. आणि ताटातली कडक भाकरी, शेंगाचटणी बंद केली का? चोथा आणि तेल, दोन्ही अशा पोटाला जड.

जुळेसोलापूरकर: स्कॅन नाही झाला, फक्त दुर्बिणीने तपासलंय. भाकरीचं आईला सांगायला जीभ रेटत नाही, पण आजपासून मऊ भात आणि ताक, थोडं थोडं सहा वेळा. स्कॅनची तारीख उद्याच घेतो. उलट्या थांबल्या नाहीत तर मात्र यंत्र बसवणारच.