काळ्या गाडीवरील गोलाकार ओरखडे आणि बोअरच्या पाण्याचे डाग : घरच्या घरी काय करता येईल?

मृणाल, पुणे

नमस्कार. माझ्याकडे काळ्या रंगाची, चार वर्षे वापरलेली सेडान आहे. आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला रोज सकाळी एक मुलगा येतो आणि एका बादलीत, एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसतो. उन्हाळ्यात पाणी बोअरचे किंवा टँकरचे असते. सावलीत गाडी चकचकीत दिसते, पण संध्याकाळचे तिरपे ऊन बॉनेटवर पडले की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे सगळीकडे उमटतात. टपावर आणि डिकीच्या झाकणावर पांढरट कडा असलेले थेंबांचे डाग आहेत आणि ते शाम्पूने जात नाहीत.

गेल्या दिवाळीपूर्वी एका वॉशिंग सेंटरवर रबिंग-पॉलिश करून घेतले होते. दोन महिने गाडी नव्यासारखी दिसली. नंतर ओरखडे परत दिसू लागले आणि त्यांच्या जोडीला मशीन फिरल्याच्या लाटाही दिसतात. आता सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर चढवायच्या पारदर्शक संरक्षक थराचा, आग्रह होतो आहे. त्याचा कडकपणा 'नाइन एच' असल्यामुळे ओरखडा पडणारच नाही, असे सांगितले जाते. एवढी मोठी रक्कम खर्च करण्याआधी हे काम स्वतः शिकावे असे मनापासून वाटते. कोणती उत्पादने घ्यावीत, कोणत्या क्रमाने वापरावीत आणि मशीन आवश्यक आहे का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. पाणी वाया जाऊ नये म्हणून गाडी धुण्यासाठी आम्ही आरओचे टाकाऊ पाणी साठवून वापरतो, त्याविषयीही मत द्यावे.

गोदाकाठ, नाशिक

मृणालताई, बाजारात जाण्याआधी आपला हात नेमका कशावर चालणार आहे ते पाहू. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. तुमचे ओरखडे या थरात आहेत. खरे पॉलिश म्हणजे ओरखडा बुजवणे नव्हे. ओरखड्याच्या खोलीइतका भोवतालचा क्लिअर कोट घासून पृष्ठभाग सपाट करणे होय. घासलेला थर परत येत नाही आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाला जपणाराही तोच असतो, म्हणून दरवर्षी रबिंग मारून घेण्याच्या प्रथेला माझा ठाम विरोध आहे. तुमच्या गाडीवर बहुधा ओरखडे काढण्याऐवजी ते तेलकट द्रव्याने झाकले गेले असावेत, आणि ते द्रव्य धुऊन गेल्यावर सारे पुन्हा उघडे पडले.

त्यामुळे सुरुवात रोजचे पुसणे थांबवण्यापासून करा. त्या मुलाचे काम मात्र काढून घेऊ नका. काचा, चाके आणि आतील सफाई त्याच्याकडे द्या. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि ओल्या फडक्याखाली ते दाबून फिरवले की प्रत्येक फेरीत एक नवा ओरखडा पडतो.

आता पाण्याविषयी. आरओचे टाकाऊ पाणी शेवटच्या धुण्यासाठी कदापि वापरू नका. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत. तीन लिटर पाण्यातून एक लिटर शुद्ध पाणी निघाले, तर जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या दोन लिटरमध्ये राहतात आणि त्यांचे प्रमाण लिटरमागे १,१०० मिलिग्रॅमच्या पुढे जाते. गाडीवर पाव लिटर असे पाणी सुकले तरी पावणेतीनशे मिलिग्रॅम क्षार रंगावर बसतात. तुमच्या डागांचे एक मोठे कारण हेच असणार. ते पाणी फरशी पुसायला वापरा. गाडीवर शेवटचा हात फिरवण्यासाठी चार-पाच लिटर शुद्ध पाणी पुरते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी स्वच्छ भांड्यात साठवले तर तेही चालते, कारण ते हवेतील बाष्पापासून बनलेले असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात.

धुण्यासाठी दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक फक्त हातमोजा खंगाळण्याची. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जाळी ठेवा. आधी नुसत्या पाण्याने सैल माती उतरवा, मग मायक्रोफायबरचा हातमोजा टपापासून खाली सरळ रेषेत फिरवा आणि एक भाग झाला की मोजा खंगाळा. पहिल्याच दिवशी खंगाळण्याची बादली पाच मिनिटे स्थिर ठेवून तळाशी पाहा. चहाच्या गाळासारखा काळपट थर बसलेला दिसेल आणि बोटांच्या चिमटीत धरला की तो कचकचेल. एका बादलीच्या पद्धतीत हाच गाळ रोज तुमच्या बॉनेटवर फिरत होता. शाम्पू सौम्य, उदासीन सामूचा (पीएचचा) असावा. सोनॅक्स, थ्रीएम, मेग्वायर्स यांपैकी जो सहज मिळेल तो घ्या. शाम्पूच्या नावाने पडणारा फरक मोज्याच्या स्वच्छतेपुढे फार लहान आहे. भांडी घासण्याचे द्रव वापरू नका, त्याने मेणाचा थर उतरतो. सुकवताना जाड टॉवेल पसरून फक्त टेकवा, रगडू नका. टॉवेल धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, कारण त्याने तंतूंवर थर चढतो आणि टॉवेल पाणी शोषत नाही. हे सगळे सकाळी लवकर, पत्रा गार असताना करा.

वाशिष्ठी, चिपळूण

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, फक्त डागांविषयी थोडी भर घालतो. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून, गार पत्र्यावर, ओल्या कापडाने मिनिटभर डागावर ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डाग गेला, तर तो वर बसलेला क्षार होता. क्षार निघूनही कडेची वर्तुळे दिसत राहिली, तर थेंबाने क्लिअर कोट कोरला आहे आणि तेथे व्हिनेगर पुन्हा पुन्हा लावून काहीही साधणार नाही. बाथरूम साफ करण्याचे आम्ल कोणी सुचवले तरी गाडीजवळ आणू नका.

आमच्याकडे पावसाळ्यात लाल माती दारांच्या खालच्या भागावर सुकून घट्ट बसते, आणि जांभळाच्या झाडाखाली गाडी उभी राहिली तर पक्ष्यांची जांभळी विष्ठा ठरलेलीच असते. दोन्हींना माझा उपाय एकच आहे: खरवडायचे नाही. ओला टिश्यू पेपर दहा मिनिटे ठेवून ते मऊ करायचे आणि उचलून घ्यायचे. विष्ठा मात्र त्याच दिवशी काढावी, कारण ती उन्हात राहिली की रंगावर कायमचा ठसा उमटतो.

रंगशाळा, कोल्हापूर

मी गाड्यांच्या रंगकामात बरीच वर्षे आहे, म्हणून पॉलिश आणि कोटिंग यांबद्दलच लिहितो.

'नाइन एच' ही पेन्सिलची मोजपट्टी आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात दाबून थरावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडत नाही ते पाहतात; नऊ एच ही त्यातील सर्वांत कडक पेन्सिल. पेन्सिलीने चरा पडला नाही म्हणून वाळूच्या कणानेही पडणार नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. चांगल्या कोटिंगचे खरे गुण वेगळे आहेत: पाणी घसरून जाते, धूळ सहज सुटते, घाण चिकटून राहत नाही. पण तो थर अत्यंत पातळ आणि पारदर्शक असल्यामुळे खालचे ओरखडे जसेच्या तसे दिसत राहतात. म्हणून ओरखडे न काढता कोटिंग करून घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे.

घरी करायचे असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या. त्याचे पॅड स्वतःभोवती फिरते तसेच लहान वर्तुळात हेलकावतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. तुमच्या गाडीवरच्या लाटा नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनच्या आहेत; ते मशीन नवशिक्या हातात देऊ नये. मशीनआधी धुतलेल्या पत्र्यावरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवा. खरखर जाणवली तर क्ले बार, म्हणजे रंगावर रुतलेले कण उचलणारा मऊ मातीसारखा तुकडा, वापरा. त्याखाली शाम्पूचे पाणी सतत राहू द्या आणि तुकडा जमिनीवर पडला तर तो फेकून द्या, कितीही महाग असला तरी.

त्यानंतर डिकीच्या झाकणावर दोन फूट लांबी-रुंदीचा एकच चौकोन आखा. मऊ फोमचे पॅड, सर्वांत सौम्य पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब, मध्यम वेग, आणि एकमेकांवर निम्मे चढणारे सावकाश चार फेरे. पुसून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. बहुतेक ओरखडे गेले असतील तर संपूर्ण गाडीला तेवढेच पुरे आहे. नसतील तर आधी पॅड बदलावे आणि मगच कंपाउंडकडे (जास्त घासणाऱ्या पॉलिशकडे) वळावे. पत्र्याच्या कडा आणि उठावाच्या रेषा यांवर चिकटपट्टी लावा, कारण तेथे थर सर्वांत पातळ असतो. खोल चरे तसेच राहू द्या. नखाला अडणारा चरा काढण्याच्या नादात क्लिअर कोट उघडा पडला, तर त्या भागाला पुन्हा रंग देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मृणाल, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी सकाळी डिकीवर चौकोन आखून सौम्य पॉलिशने प्रयोग केला. टॉर्च धरल्यावर चौकोनाच्या आत दिव्याचे प्रतिबिंब काठोकाठ स्वच्छ दिसत होते आणि बाहेर तेच प्रतिबिंब जाळ्यात अडकल्यासारखे दिसत होते; इतका स्पष्ट फरक मी अपेक्षिला नव्हता. थेंबांची दोन-तीन वर्तुळे मात्र राहिली आहेत. आता शेवटची शंका. मागचा डावा दरवाजा दोन वर्षांपूर्वी धडक बसल्यामुळे पुन्हा रंगवला आहे. त्यावर हीच पद्धत चालेल का? आणि पॉलिशनंतर मेण लावावे की सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप)?

रंगशाळा, कोल्हापूर

उरलेली वर्तुळे तशीच सोडा. दरवाजाचा रंग दोन वर्षांत पूर्ण सुकला आहे, त्यामुळे पॉलिश करण्यास हरकत नाही, परंतु वर्कशॉपमधील क्लिअर कोट कारखान्यातल्यापेक्षा बरेचदा मऊ असतो. तेथे दोनच फेरे देऊन तपासा. खाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर एकूण जाडी जास्त भरते, पण तो क्लिअर कोट नव्हे, म्हणून जाडीच्या आकड्यावर विसंबू नका. पॉलिशचे तेल आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने पुसून मगच सीलंट लावा. कार्नोबा मेणाची झळाळी काळ्या रंगावर सुरेख दिसते, परंतु पुण्याच्या उन्हात आणि पावसात सीलंट जास्त महिने टिकते. या पावसाळ्यापुरते सीलंटच पुरेसे आहे. कोटिंगचा विचार दोन बादल्यांची सवय अंगवळणी पडल्यावर, पुढच्या हिवाळ्यात करावा.