मदत हवी आहे: फ्लोरिडा स्टेटच्या कोचला काढलं तर बायआउटचे (करार संपायच्या आधी काढल्याबद्दल कोचला द्यायचे) पैसे नक्की कसे जातात?

अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांनो, जरा सांगा. फ्लोरिडा स्टेट 2023 ला रेग्युलर सीझनला एकही मॅच न हरता एसीसी (त्यांच्या कॉलेजांच्या गटाची लीग) चॅम्पियन झाली, आणि 2024 ला थेट 2-10 (2 विजय, 10 पराभव), मग मॅल्झान आणि टोनी व्हाइट हे नवे कोऑर्डिनेटर (आक्रमण आणि बचाव सांभाळणारे सहायक कोच) आणले, 2025 ला पहिल्याच मॅचला अलाबामाला 31-17 हरवलं तेव्हा वाटलं गाडी रुळावर आली, पण शेवटी 5-7 च, बोल गेमसुद्धा (सीझननंतरची खास मॅच) नाही. माझं स्पष्ट मत आहे की हेड कोच माइक नॉर्वेलला पुरेसा वेळ देऊन झालाय, दरवर्षी ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) आणून टीम उभी राहत नाही, हायस्कूलची पोरं घडवावी लागतात.

पण त्याला काढायचं म्हटलं की सगळे बायआउटवर येऊन थांबतात. रक्कम 5 कोटी डॉलरच्या आसपास आहे हे माहितीये, त्यामुळे तो आकडा नकोय. बातम्या वाचल्या, करार चाळला, कायद्याची भाषा डोक्यावरून गेली. ही रक्कम एकदम द्यावी लागते की महिन्याच्या हप्त्याने? आणि त्याला दुसरीकडे नोकरी लागली तर तिथला पगार यातून वजा होतो का?