रिफाइनमेंट नेमके कुठे थांबवावे?

प्रश्न (जळगाव)
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी केळीतील लेक्टिन या साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या रचनेवर काम करीत आहे. मॅनोज या साखरेच्या द्रावणात भिजवलेल्या स्फटिकाचा २.१ अँगस्ट्रॉमपर्यंतचा क्ष-किरण डेटा माझ्याकडे आहे. रिफाइनमेंट, म्हणजे डेटाशी जुळेल अशा रीतीने प्रतिकृतीतील अणूंच्या जागा सुधारत जाणे, मी रेफमॅक या सॉफ्टवेअरने करतो. त्याच्या पहिल्या १० आवर्तनांनंतर आर-वर्क (प्रतिकृती आणि डेटा यांतील तफावत) ०.१९८ आणि आर-फ्री (रिफाइनमेंटपासून बाजूला ठेवलेल्या डेटावरची तीच तफावत) ०.२४१ होता. त्यानंतर पाण्याचे रेणू भरत भरत ४१० पर्यंत नेले आणि आणखी ४० आवर्तने चालवली, तेव्हा आर-वर्क ०.१८१ वर उतरला, पण आर-फ्री ०.२४७ वर चढला. सॉफ्टवेअर सांगितली तेवढी आवर्तने निमूटपणे करते. थांबायचे कधी, हे मी कशावरून ठरवावे?

उत्तर १ (धुळे)
आवर्तनागणिक आर-मूल्ये आणि अणूंच्या जागा जवळजवळ हलेनाशा झाल्या, की गणिताच्या दृष्टीने काम संपले. मात्र त्याचा अर्थ इतकाच, की आहे ती प्रतिकृती बारीक सरकवण्याने आणखी सुधारणार नाही. अमिनो आम्लाची एखादी बाजूसाखळी उलट्या दिशेला बसली असेल, तर ५०० आवर्तनांनीही ती सहसा सुलट होत नाही. ती कूट या प्रतिकृती बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा उघडून हातानेच फिरवावी लागते. आर-वर्क उतरत असताना आर-फ्री चढणे हे अतिजुळणीचे, म्हणजे प्रतिकृती डेटातील गोंगाटालाही जुळवली जात असल्याचे, लक्षण आहे. स्फटिकशास्त्रज्ञ ब्रूंगर यांनी १९९२ मध्ये ५ ते १० टक्के परावर्तने (मोजलेले क्ष-किरण ठिपके) बाजूला ठेवण्याची पद्धत मांडली, ती हेच पकडण्यासाठी.

उत्तर २ (रावेर)
मला तुमच्या पाण्याची शंका येते. या लेक्टिनची एक साखळी १४१ अमिनो आम्लांची असते. असममित एककात (ज्याच्या पुनरावृत्तीने अख्खा स्फटिक बनतो त्या सर्वांत लहान भागात) दोन साखळ्या धरल्या तरी २८२ होतात, आणि या विभेदनाला (२.१ अँगस्ट्रॉमच्या बारकाव्याला) दर अमिनो आम्लामागे साधारण एक पाणी हा ढोबळ अंदाज असतो. मग ४१० कुठून आले? आमच्याकडे घड कापायची वेळ नुसते दिवस मोजून ठरत नाही, केळ्यांवरच्या शिरा गोलसर झाल्या का, हे हात लावून पाहतात. तुम्हीही प्रत्येक पाणी तसेच पाहा. फरक-नकाशात (डेटात आहे पण प्रतिकृतीत नाही ते दाखवणाऱ्या नकाशात) ३ सिग्माच्या, म्हणजे नकाशातील सर्वसाधारण चढउताराच्या तिपटीच्या, वर ठळक शिखर नसताना बसवलेले, बी-मूल्य (अणूची जागा किती हलती वा अनिश्चित आहे याचे माप) अवाच्या सवा असलेले, किंवा हायड्रोजन बंधाच्या अंतरात कोणीही शेजारी नसलेले पाणी काढून टाका.

उत्तर ३ (नंदुरबार)
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण एक सावधगिरी बाळगावी. वीस प्रकारे रिफाइनमेंट चालवून त्यांतला सर्वांत कमी आर-फ्री निवडत बसलात, तर तो आकडाही हळूहळू तटस्थ राहत नाही. बंधांची लांबी आणि रामचंद्रन आलेख (साखळीची वळणे शक्य त्या कोनांत आहेत का, हे दाखवणारा) बिघडवून मिळवलेला कमी आर-वर्क तर काहीच कामाचा नाही.

प्रश्नकर्ता (जळगाव)
सर्वांचे आभार. एकेक रेणू तपासण्यात दोन रात्री गेल्या आणि १३६ पाणी काढली. एका साखळीतील साखर-बंधनाच्या जागी तीन पाणी एकमेकांना जवळजवळ चिकटून बसलेली दिसली. ती काढून पुन्हा नकाशा काढला, तर तिथे षटकोनी वलयाचा सलग आकार उभा राहिला. ज्या मॅनोजसाठी स्फटिक भिजवला होता, त्याच्याच जागी मी पाणी भरले होते आणि रेफमॅकने ४० आवर्तने ते मुकाट्याने सांभाळले. मॅनोज बसवून १० आवर्तने चालवल्यावर आर-फ्री ०.२३३ आणि आर-वर्क ०.१९१ आला. फरक-नकाशात आता नाव देता येईल असे शिखर उरलेले नाही. टोकाच्या एका लायसीन या अमिनो आम्लाची शेपटी मात्र अजूनही कुठेच दिसत नाही. ती तशीच सोडून इथेच थांबतो.