मदत हवी आहे: टीव्ही वर-खाली करणारी मोटरची लिफ्ट, सोमवारी सुतार येतोय

ओवी:
नमस्कार मंडळी. ठाण्याच्या घरी हॉलमध्ये खिडकीखाली कॅबिनेट करून घेतोय. टीव्ही आत राहणार, बटण दाबलं की वर येणार, बघून झालं की परत आत. कोणती लिफ्ट घ्यावी? दोन ठिकाणी विचारलं. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट, आणि फरक काय ते दोघांनाही धड सांगता येईना. प्लाय येऊन पडलंय, सोमवारी सुताराला माप द्यायचंय. ज्यांनी बसवलीय त्यांनी प्लीज लवकर सांगा. "भिंतीवर लावा" असं कृपया सुचवू नका, तो पर्याय नाहीये.

खटपटेकाका:
टीव्ही किती इंची? स्टँड काढल्यावर वजन किती? पाठीमागच्या चार भोकांमधलं अंतर किती? एवढं कळल्याशिवाय कोणती लिफ्ट हे कोणीच सांगू शकणार नाही. आणि प्लाय कापायला देऊ नका. आधी लिफ्ट हातात येऊ द्या, मग माप, मग करवत.

मनमौजी:
लिफ्टच्या भानगडीत पडूच नका. अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर घ्या. आमचा भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलाय, १०० इंची चित्र येतं, बंद केला की भिंत मोकळी. वर-खाली होणारा भाग एकही नाही.

ओवी:
मनमौजी, भिंत नाही म्हणून तर खिडकीखाली करतेय. खिडकीवर प्रोजेक्टर कसा मारू? काका, ५५ इंची आहे, नेहमीचा असतो तसाच. वजन पावतीवर नाही.

खटपटेकाका:
वजन पावतीवर नसतं. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाका आणि "स्टँडशिवाय" असा आकडा बघा. ५५ इंची साधारण १४ ते १८ किलो भरतो. ५५ हा कर्ण झाला. पडदा जवळजवळ १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८.५ उंच, कडा धरून उंची ७१ धरा. मागची भोकं टेपने मोजा, २०० बाय २०० मिलिमीटर, ३०० बाय २०० असं काहीतरी निघेल. त्याला व्हेसा म्हणतात, लिफ्टच्या पट्ट्या त्याच मापाच्या लागतात.

लिफ्टच्या माहितीपत्रकात तीन आकडे शोधा. भार किती, कॉलम म्हणजे टीव्ही उचलणारा खांब किती वर सरकतो, आणि पूर्ण खाली असताना लिफ्टची स्वतःची उंची किती. सरकणं टीव्हीच्या उंचीपेक्षा थोडं जास्तच हवं, नाहीतर खालची पट्टी कॅबिनेटमध्येच अडकून राहते. भार न्यूटनमध्ये लिहिलेला असेल तर १० ने भागा, ६०० न्यूटन म्हणजे साठेक किलो. झाकण लिफ्टवरच बसणार असेल तर त्याचंही वजन त्यात धरा. आणखी एक आकडा "१०%" असा असतो. २ मिनिटं चालवली तर १८ मिनिटं थांबवा, असा त्याचा अर्थ. घरच्या वापराला पुरतं. पण मुलांनी सारखं वर-खाली केलं तर बऱ्याच लिफ्ट तापून आपोआप थांबतात. लोक समजतात बिघडली. गार झाली की चालते.

ओवी:
हे कोणी सांगितलंच नव्हतं, धन्यवाद! झाकण काळ्या ग्रॅनाइटचं करणार आहोत, वर कुंड्या ठेवायच्यात. चालेल ना?

सुतारपक्षी:
मी नाशिकला इंटिरियरची कामं घेतो. ग्रॅनाइट अजिबात नको. १८ मिलिमीटर जाडीचा, सव्वाशे बाय तीस सेंटिमीटरचा तुकडा १८ किलोच्या घरात जातो, म्हणजे टीव्हीइतकंच ओझं वर. तेवढंच प्लायचं झाकण सनमाईकासकट साडेचार-पाच किलोत होतं. आणि कुंड्या ठेवल्यावर झाकण उघडणार कसं? रोज बातम्यांच्या वेळी कुंड्या उतरवणार का? झाकणावर काहीही ठेवता येत नाही हे घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा.

झाकण बिजागरीचं करा. लिफ्टला जोडलेलं झाकण टीव्हीबरोबर वर जातं आणि टीव्हीच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसतं.

टोरांटोकर:
असहमत. इथे आमच्या बेडरूममध्ये पलंगाच्या पायथ्याशी अशी लिफ्ट आहे. आधीच्या घरमालकाने बिजागरीचं झाकण केलं होतं, टीव्ही वर येताना त्याची वरची कड ते ढकलून उघडायची. त्या कडेला कायमचा ओरखडा पडलाय. आता आम्ही लिफ्टवर बसणारं झाकण केलंय. चारही बाजूंना ४-५ मिलिमीटर फट ठेवली की घासत नाही.

सुतारपक्षी:
ओरखडा पडतो कारण खाली रोलर लावत नाहीत. रोलर लावा, प्रश्न मिटला. आणि ४-५ मिलिमीटर फट कॅनडात पुरेल. ठाण्या-मुंबईत जुलैमध्ये प्लाय फुगतं, तिथे मी ६ च्या खाली जात नाही. प्लाय ओलाव्यात टिकणारं ७१० नंबरचं घ्या, साधं ३०३ चं नको. ओवीताई, तुमचं आलेलं प्लाय कोणतं आहे? शिक्का बघा.

ओवी:
शिक्का बघते. पण बिजागरीचं झाकण मागे उघडेल ना? मागे पडदा आहे.

टोरांटोकर:
तेच म्हणतोय. मागे उघडलं की पडदा बिजागरीत जाणार. खिडकीपुढे लिफ्टवरचंच झाकण हवं.

सुतारपक्षी:
खिडकीपुढे असेल तर मान्य. खिडकी अगदी पाठीलाच टेकते हे मला माहीत नव्हतं.

पुस्तकवेडी:
मूळ प्रश्नापासून थोडं वेगळं लिहितेय, पण मनापासून. टीव्ही दिसूच नये एवढी इच्छा असेल तर हॉलमध्ये ठेवायचाच कशाला? आम्ही आतल्या खोलीत हलवला आणि हॉलमध्ये पुस्तकांचं कपाट केलं. मुलं वाचायला लागली. मोटरवर एवढा पैसा घालणं म्हणजे नुसती हौस वाटते.

ओवी:
पुस्तकवेडी, हौस नाहीये. बाबा ८१ वर्षांचे आहेत, बाहेर पडणं जवळजवळ बंद झालंय. सकाळच्या चहापासून दुपारच्या झोपेपर्यंत ते त्या खिडकीशी बसतात, समोर येऊरचा डोंगर आहे. सध्या टीव्ही खिडकीपुढे स्टुलावर आहे आणि निम्मा डोंगर झाकतो. बाजूच्या एका भिंतीला देवघर, दुसरीला बेडरूमचं दार. आतल्या खोलीत टीव्ही नेला तर संध्याकाळी ते तिथे एकटे पडतात. डोंगरही हवा, टीव्हीही हवा आणि बाबा हॉलमध्येच हवेत. म्हणून लिफ्ट.

पुस्तकवेडी:
हे वाचून माझा मुद्दा मागे घेते. नक्की करा.

रानवाट:
येऊर दिसतो? भाग्यवान आहात! आम्ही पोखरण रोडला होतो तेव्हा गच्चीतून पावसाळ्यातले ढग उतरताना दिसायचे. आता मध्ये टॉवर आले. तुमच्याकडे धनेश पक्षी दिसतात का?

ओवी:
दिसतात, बाबा वहीत लिहून ठेवतात. पण लिफ्टचं सांगा ना कोणीतरी. अजून एक राहिलं, माझा भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तो तिकडून लिफ्ट बॅगेत घालून आणणार आहे. तिकडे स्वस्त पडते म्हणतो.

खटपटेकाका:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! तिकडे वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. भावाला सांगा, लिफ्टबरोबरच्या सप्लायच्या डबीवरच्या लेबलचा फोटो पाठव. "इनपुट १००-२४०" असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं १२० लिहिलेलं असेल तर इथल्या सॉकेटमध्ये घालताक्षणी डबी जळेल. मोटर स्वतः बहुधा २४ व्होल्ट डीसीवर चालते, म्हणजे डबी गेली तरी लॅमिंग्टन रोडला तशी दुसरी मिळते.

सुतारपक्षी:
काका, डबी मिळेल हो. मोटर चालवणारा कंट्रोलर कुठून आणाल? कॉलममधला सेन्सर आणि कंट्रोलर यांची जोडी असते, दुसऱ्या कंपनीचा बसत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने बाहेरून आणलेल्या लिफ्टचा कंट्रोलर गेला, आणि सगळं कॅबिनेट उघडून नवी लिफ्ट घालावी लागली. वॉरंटीही तिकडचीच.

खटपटेकाका:
कंट्रोलर रोज जात नाहीत. चांगला स्पाइक गार्ड आणि नीट अर्थिंग असेल तर वर्षानुवर्षं चालतात. मी ३४ वर्षं विजेच्या कामात काढली आहेत.

सुतारपक्षी:
आणि मी लोकांची बंद पडलेली कपाटं उघडतो. दुरुस्तीला माणूस घरी येईल अशीच लिफ्ट घ्यावी, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

टोरांटोकर:
दोघांच्या वादात एक राहतंय. वीज गेली की टीव्ही आहे तिथेच थांबतो. आतल्या स्क्रूच्या आट्यांमुळे तो स्वतःच्या वजनाने खाली येत नाही, त्यामुळे पडायची भीती नाही. पण वीज परत आल्यावर काही लिफ्ट जागा विसरतात. आमची वर जायचंच नाव घेत नाही. खाली जायचं बटण धरून ठेवायचं, ती तळाला टेकून किंचित हिसका देते, मग सगळं सुरळीत. बाबांना हे दाखवून ठेवा. रिमोट रेडिओचा घ्या, तो प्लायमधून चालतो. टीव्हीच्या रिमोटसारखा प्रकाशकिरणांचा असेल तर दार बंद असताना लिफ्टला कळणारच नाही.

नीलमोहोर:
येऊर ठाण्याच्या पश्चिमेला आहे. म्हणजे ओवी, तुमची खिडकी पश्चिमेची. याचा कोणी विचार केलाय का? संध्याकाळी टीव्ही वर आला की बरोबर त्याच्या मागे मावळतीचं ऊन, बाबांच्या थेट डोळ्यांत. चित्र काळपट दिसेल आणि डोळे दुखतील. आमच्या दिवाणखान्यात हेच झालं होतं. टीव्हीच्या मागे गुंडाळणारा ब्लाइंड लावा, उजेड पूर्ण अडवणारा. झुलणारा पडदा झाकणात अडकेल, तो काढूनच टाका. आणि पश्चिमेची खिडकी म्हणजे पावसाचा मारा तिथेच. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतून पाणी आत येतं का?

ओवी:
येतं. जुलैमध्ये फडकं लावून ठेवतो.

सुतारपक्षी:
मग मागची फळी खिडकीच्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन बोटं जागा सोडा. सॉकेट जमिनीलगत नको, आत अर्ध्या उंचीवर घ्या, सप्लायची डबीही तिथेच. आधी ती पट्टी सिलिकॉनने बंद करून घ्या. खिडकीचा कट्टा जमिनीपासून किती उंच?

ओवी:
२ फूट.

सुतारपक्षी:
म्हणजे ६१ सेंटिमीटर. ५५ इंचीचं कॅबिनेट लिफ्टचा तळ, झाकण, पाया सगळं धरून ८५ च्या आसपास जाईल. कट्ट्याच्या वर २४ सेंटिमीटर, जवळजवळ साडेनऊ इंच. टीव्ही खाली असतानाही तेवढी खिडकी कायमची झाकली जाईल. बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवा, एक पुठ्ठा ८५ वर धरा आणि त्यांनाच विचारा काय दिसतं.

नीलमोहोर:
अतिशय योग्य. शिवाय घरात लहान मूल येतं का? कट्ट्याखालचं कॅबिनेट म्हणजे खिडकीत चढायची आयती पायरी. ग्रिल पूर्ण खिडकीला आहे का ते बघा.

ओवी:
भाची येते, ४ वर्षांची. ग्रिल पूर्ण आहे, बाहेरून.

नीलमोहोर:
मग ठीक, पण सगळे स्क्रू घट्ट आहेत ना ते हाताने हलवून बघा. आणि अडथळा लागला की उलट फिरणारी लिफ्ट घ्या. झाकण खाली येताना लहान बोटं तिथेच जातात.

ओवी:
पुठ्ठा धरून बघितला. ८५ वर बाबांना डोंगर पूर्ण दिसतो, पण खालचा रस्ता आणि शाळेचं फाटक जातं. दुपारी शाळा सुटते ती बघायला त्यांना आवडतं, हे मला माहीतच नव्हतं. ७० वर धरला तेव्हा म्हणाले, "हां, आता मुलं दिसतायत." ७० मध्ये काय बसेल?

खटपटेकाका:
४३ इंची. कडा धरून ५६ सेंटिमीटर उंच. कमी उंचीची लिफ्ट निवडलीत तर ७० मध्ये बसेल. बाबा खिडकीपासून किती लांब बसून टीव्ही बघतात?

ओवी:
सात-साडेसात फूट.

खटपटेकाका:
मग ४३ पुरतो. बातम्यांच्या खालच्या पट्टीवरची अक्षरं त्यांना वाचता येतात का, एवढं दुकानात त्याच अंतरावर उभं राहून बघा. ५५ इंची आतल्या खोलीत जाऊ दे.

ओवी:
भावाने लेबलचा फोटो पाठवला. १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, एवढंच लिहिलंय. त्याला आणू नको म्हणून कळवलं. सुताराला सोमवारी फक्त खिडकीची पट्टी आणि ब्लाइंडचं माप घ्यायला बोलावलंय. प्लायवर ३०३ चा शिक्का आहे, दुकानदार बदलून देतो म्हणाला. लिफ्ट इथलीच घेतेय, घरी येऊन दुरुस्ती करणारी. अजून काही राहिलं असेल तर सांगा.

सुतारपक्षी:
राहिलंय. समोरची फळी फेविकॉलने चिकटवू देऊ नका, स्क्रूवर ठेवा. मोटर कधी ना कधी थांबणार, आणि तेव्हा टीव्ही आत असेल. फळी काढून हात आत गेला पाहिजे. वायरी टीव्हीच्या पूर्ण वरच्या जागेपर्यंत मोजा आणि वर हातभर जास्त ठेवा. एचडीएमआयची वायर ताणली गेली की आधी तिचं टोक जातं. साखळीसारखी प्लास्टिकची वायरपट्टी मिळते, तिच्यातून घ्या, म्हणजे लिफ्टच्या पट्ट्यांत चिमटणार नाही. सेट टॉप बॉक्स टीव्हीबरोबर वर नेऊ नका, खाली जाळीच्या दारामागे ठेवा, गरम होतो. आणि कॅबिनेट जमिनीला पक्कं करा. टीव्ही पूर्ण वर असताना सगळं वजन उंच जातं, भाचीने कड धरून ओढलं तरी हलता कामा नये.

रानवाट:
धनेशांची वही कधी जमलं तर फोटो टाका ना, किती वर्षांच्या नोंदी आहेत?

ओवी:
२०११ पासूनच्या. बाबांना विचारून टाकते.

माझंघर_८८:
ओवीताईंच्या धाग्यात घुसतोय, पण विषय तोच आहे. मला छतातून खाली येणारी लिफ्ट बसवायची आहे. फॉल्स सीलिंग नवीन केलंय, मजबूत आहे. त्यालाच बसवली तर चालेल का?

खटपटेकाका:
नाही. जिप्समचं सीलिंग स्वतःचंच वजन पेलायला असतं. लिफ्ट वरच्या स्लॅबलाच, अँकर फास्टनर मारून. त्यासाठी सीलिंग तिथे कापावं लागेल. वेगळा धागा काढा, आणि सीलिंग व स्लॅबमधली पोकळी किती आहे ते मोजून लिहा.