हातचा : कॅरी आणि बॉरो दोन्हींना चालेल का?

मिरजकर : डिप्लोमाच्या पोरांसाठी पायथनमध्ये ८०८५ या ८ बिटी प्रोसेसरचा इम्युलेटर, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहितोय, टिपणं मराठीत. रजिस्टर, मेमरी, इम्युलेटर तसेच ठेवलेत. ‘कॅरी फ्लॅग’पाशी, म्हणजे बेरीज ८ बिटांबाहेर गेली (कॅरी) किंवा वजाबाकीत बाहेरून घ्यावं लागलं (बॉरो) हे सांगणाऱ्या बिटापाशी, अडलंय. ‘वहन’ म्हटलं की पोरं उष्णतेच्या धड्यात जातात.

कऱ्हाडकर : ‘हातचा’ म्हणा की. बेरजेत ‘हातचा एक’ सगळ्यांनीच म्हटलंय, आणि वजाबाकीत डावीकडच्या घरातून आणतो तोही आपल्याकडे हातचाच. ८०८५मध्येही दोन्हीला एकच फ्लॅग आहे. ५ वजा ८ केलं की पायथन −३ देतं. २५५शी अँड केल्यावर, म्हणजे खालचे ८ बिटच ठेवल्यावर, २५३, हेक्समध्ये एफडी, आणि हातचा १. फक्त उत्तर उणे आलंय का हे अँड करायच्या आधी बघा, नंतर ती खूण उरत नाही. आधीचा हातचाही वजा करणाऱ्या ‘एसबीबी’ सूचनेत तर हमखास चुकतं : वजा करायची संख्या एफएफ (२५५), त्यात आधीचा हातचा १ मिळवून तिथंच ८ बिटांवर कापलं की शून्य उरतं आणि हातचा गायब. ए वजा बी वजा हातचा एका दमात करा, फ्लॅग ठरवा, मग कापा.

वाईकर : ८०८५पुरतं ठीक. उद्या कुणी ६५०२ हा दुसरा प्रोसेसर घेतला तर हाच शब्द दगा देईल. तिथं वजाबाकीत बाहेरून घ्यावं लागलं तर कॅरी ० होतो, नाही लागलं तर १. म्हणून वजाबाकीच्या ‘एसबीसी’च्या आधी कॅरी १ करणारं ‘एसईसी’ लिहितात. तिथं ‘कॅरी’च ठेवा.

मिरजकर : पटलं. टिपणात ‘८०८५चा हातचा’ असंच लिहितो.

तासगावकर : शब्द ठरला, पण तो कोण बदलतो हेही तिथंच लिहा. ‘आयएनआर’ (एकनं वाढव) आणि ‘डीसीआर’ (एकनं कमी कर) या सूचना हातच्याला हात लावत नाहीत, बाकीचे फ्लॅग बदलतात. ‘आयएनएक्स’ (रजिस्टरची जोडी एकनं वाढव) कशालाच नाही. ‘डीसीआर’साठी वजाबाकीचंच फंक्शन वापरलं की दोन बाइटची बेरीज बिघडते : ०१एफएफ अधिक ०००१. खालच्या बाइटला ००, हातचा १. मग लूपचा काउंटर कमी करताना ‘डीसीआर’नं हातचा पुसला, की हातचा धरून बेरीज करणाऱ्या ‘एडीसी’ला ० मिळतो आणि उत्तर ०२००ऐवजी ०१००. छोट्या संख्यांवर तपासलं तर सगळं बरोबर दिसतं, म्हणून ही चूक लांबवर जाते.

मिरजकर : आणि ऑक्झिलरी कॅरी?

कऱ्हाडकर : ‘निम्मा हातचा’. बिट ३मधून ४मध्ये जाणारा. कोशात मिळणार नाही, पण ऐकताच कळतो. बेरजेत दोन्ही संख्यांचे खालचे ४ बिट, आणि ‘एडीसी’ असेल तर आधीचा हातचा, वेगळे मिळवा. १५च्या वर गेले की १.

वाईकर : ‘साहाय्यक’पेक्षा बरा. पुष्कळ जण हा फ्लॅग ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात. त्यांना हे सहा बाइट द्या : ३ई ०९, सी६ ०८, २७, ७६. ए रजिस्टरमध्ये ९, त्यात ८, मग बेरीज दशमान अंकांत दुरुस्त करणारा ‘डीएए’, मग थांबवणारा ‘एचएलटी’. बेरीज हेक्समध्ये ११ येते, निम्मा हातचा १, म्हणून ‘डीएए’ ६ मिळवून १७ करतो. फ्लॅग नसेल तर खालचा अंक १ दिसतो, ९च्या आत, आणि ए-मध्ये ११च राहतात.

तासगावकर : ए आणि फ्लॅग स्टॅकवर ठेवणाऱ्या ‘पुश पीएसडब्ल्यू’त निम्मा हातचा बिट ४ला बसतो, पूर्ण हातचा बिट ०ला. मधली घरं सरकवू नका.