मदत हवी आहे: मार खाल्लेल्या कुत्रीला सासऱ्यांच्या काठीची सवय कशी लावावी?

दगडफूल

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्र असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय.

पावसाळ्यापासून आमच्याकडे एक कुत्री आहे. नाव खारी, कारण रंग बेकरीतल्या खारीसारखा, कडेला जरा जास्त भाजलेला. जात गावठी, वय डॉक्टरांनी दात बघून तीनेक वर्षं सांगितलं. मिरजेच्या पुढं एका वीटभट्टीवर राखणीला होती. दाव्याऐवजी बांधकामाची तार गळ्यात घातलेली, ती कातड्यात रुतली होती. तिथला माणूस पिऊन आला की आधी काठी शोधायचा, असं भट्टीवरच्या बायकांनी सांगितलं. पावसाच्या तोंडावर भट्टी बंद झाली, बिऱ्हाडं गावाकडं गेली आणि ही तिथंच अडकून राहिली. ओळखीच्या पोरांनी सोडवली, जखम भरेपर्यंत सांभाळली आणि मग आमच्याकडे दिली. गळ्याभोवती बोटभर रुंदीची बिनकेसांची काळपट रेघ अजून आहे. तिथं कुणाचा हात गेला की ती श्वाससुद्धा घेत नाही, नुसती थिजते.

सुरुवातीला दिवाणाखालून बाहेर यायची नाही. ताटली ठेवून सगळे झोपले की रात्री जेवायची. आता मात्र माझ्या हातून खाते, मी परड्यात कपडे वाळत घालायला गेले की मागून येते, दुपारी कुशीवर पाय ताणून झोपते. नवऱ्याशीही जमलंय, फक्त त्याच्या डोक्यावर हेल्मेट नको.

अडचण आहे ती आबांची, म्हणजे सासऱ्यांची. वय ७८, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठीशिवाय पाऊल टाकता येत नाही. काठी तीच, वेताची, आजोबांच्या वेळची. फरशीवर टक असा आवाज आला की खारी शेपूट पोटाखाली घालून भिंतीला चिकटते, कधी जागीच लघवी होते. आम्ही दोघं नोकरीला, त्यामुळे दिवसभर घरात आबा आणि ती, दोघंच. आबांना वाईट वाटतं. "मी काय मारलंय का तिला कधी?" असं म्हणतात. त्यांनी तूप लावलेली भाकरी देऊन बघितली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाकरी, आणि तिच्यावर वाकलेले. ती मागचे पाय लांब ठेवून नुसती मान पुढं काढते, तुकडा ओढते आणि पळते. मागच्या आठवड्यात नेमकी त्याच वेळी काठी हातातून सुटून तिच्याशेजारी पडली. तेव्हापासून ती आबांच्या खोलीकडं फिरकत नाही, आणि परवा ते उठताना गुरगुरली, दात दाखवले.

काठी काढून घेणं शक्य नाही, आबा पडले तर निस्तरणार कोण? कुत्री परत देण्याची माझी तयारी नाही. असं कुणी हाताळलंय का? आणखी एक, घरात मांसाहार नाही. आबा माळकरी आहेत. खारीचं चिकन-भात परड्यात वेगळ्या भांड्यात होतं, पण त्यांच्या हातून चिकन देता येणार नाही.

इरसाल_गावकरी

ताई, फार लाड चाललेत. कुत्र्याला घरात मालक कोण हे कळावं लागतं. आबांना म्हणावं काठी आपटून एकदा चांगलं दरडावा, आपोआप वठणीवर येईल. आमच्या वस्तीवर असंच करतात.

रानवाटा

गावकरीबुवा, वस्तीवरच्या धष्टपुष्ट कुत्र्याचं सोडा, हिच्या बाबतीत हे अजिबात नको. भट्टीवरचा माणूस हेच करत होता की.

राहता राहिलं ते 'मालक कोण'. या कल्पनेचं मूळ बघितलं तर हसू येईल. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं प्राणिसंग्रहालयात कोंडलेले, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे बघून वर्चस्वाच्या लढाईबद्दल लिहिलं. पुढं लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळं ती कल्पना घरोघरी गेली. त्याच मेक यांनी १९९९ मध्ये जंगलातल्या लांडग्यांबद्दल लिहिताना सांगितलं की तिथला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, 'अल्फा', म्हणजे लढून झालेला कळपाचा म्होरक्या, हा शब्द तिथं लागूच होत नाही. कुत्रा तर लांडगाही नव्हे. असो, मूळ मुद्द्याकडं येतो.

दगडफूल, मी पुण्यात सोडवलेली कुत्री तात्पुरती सांभाळतो. त्यात काठी, झाडू, पाइप, हेल्मेट, स्लिपर यांना घाबरणारी बरीच येतात. माझ्या मते तुमच्याकडं दोन भीती एकत्र झाल्यात, काठीची आणि काठीवाल्या माणसाची. त्या सुट्या करा. काठीची सवय आबांशिवाय लावायची आणि आबांची सवय काठीशिवाय. दोन्ही पक्क्या झाल्यावरच एकत्र आणायच्या.

काठीचं असं करा. तशीच एक जुनी काठी मिळवा. आबांची घेऊ नका, त्यांना ती लागणार. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ती जमिनीवर आडवी ठेवा. अंतर किती? खारीला काठी दिसते आहे पण ती खाऊ खाते आहे, एवढं. तिनं खाणं थांबवलं किंवा तोंडात घेऊन टाकून दिलं, तर तुम्ही फार जवळ आहात. हा एकच निकष धरा, बाकी अंदाज फसवे असतात. आणि क्रम सांभाळा. आधी काठी दिसली पाहिजे, मग लगेच खाऊ. काठी उचलून बाहेर नेली की खाऊ बंद. उलटं केलंत, म्हणजे खाऊ दाखवून मागून काठी आणलीत, तर तिला खाऊचाच संशय यायला लागतो. मग चिकन बघूनही पळेल. काही दिवसांनी काठी दिसताच ती तुमच्या तोंडाकडं बघायला लागेल, "आणा, कुठाय?" अशी. ते झालं की पुढची पायरी. काठी जरा जवळ, मग भिंतीला उभी, मग तुमच्या हातात, मग हातात घेऊन एक पाऊल. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन-तीन मिनिटांत आटपा, ती कंटाळायच्या आत.

आवाज वेगळा. मोबाइलवर टकटक रेकॉर्ड करा आणि अगदी बारीक आवाजात लावून तोच खेळ. काठीच्या टोकाला जाड रबर आहे का? नसेल तर आजच बसवा, पाच मिनिटांत निम्मा आवाज जाईल, शिवाय आबांचा पाय घसरायची भीती कमी.

आबांच्या बाजूनं सांगायचं तर हातून भरवणं सध्या बंद. तुम्ही लिहिलंय ना, मागचे पाय लांब आणि नुसती मान पुढं? त्याचा अर्थ तिच्या पोटाला जवळ यायचंय आणि बाकीच्या अंगाला नाही. अशी कुत्री खाऊच्या ओढीनं जवळ येते, तुकडा संपतो आणि मग तिला कळतं की आपण फार आत आलोय. चावे अनेकदा त्या क्षणाला होतात. म्हणून आबांनी बसून, तोंड जरा बाजूला करून, तुकडा तिच्या मागे टाकायचा. ती वळून मागं जाते, खाते, आणि लांब गेल्यामुळं सैल होते. मग स्वतःहून दोन पावलं पुढं येते. पुन्हा तुकडा मागे. आबांनी बोलवायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही, वाकायचं नाही.

खारीची झोपायची जागा आबांच्या खोली ते मोरी या वाटेवर असेल तर हलवा. कोपऱ्यात अडकलेलं भित्रं कुत्रंच उलटतं, पळायला वाट असेल तर पळतं.

वांगीभात

पनीर! आमचा बोका पण खातो. बिनमिठाचं घ्या, हरभऱ्याएवढे तुकडे करा. उकडलेलं रताळंही चालतं. माळ सुरक्षित. :)

एक बाळबोध शंका. घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते म्हणतात, खरं का?

रानवाटा

@वांगीभात, नाही. भीती ही भावना आहे, बक्षीस मिळालं म्हणून कुणी जास्त घाबरत नाही. ती स्वतः कुशीत येत असेल तर खुशाल घ्या. ती दिवाणाखाली गेली असेल तर ओढून काढून कुरवाळू नका, एवढंच.

ढोरडॉक्टर

व्यवसायानं पशुवैद्य, आयडीवर जाऊ नका. वरचा सल्ला चांगला आहे, पण त्याआधी तपासणी करून घ्या. मार खाल्लेल्या कुत्र्यात जुनं जुळलेलं हाड, दुखरा कमरेचा सांधा, तुटलेला दात हे हमखास सापडतं आणि दुखणारं जनावर लवकर गुरगुरतं. पाठीवर, मागच्या पायांवर हात फिरवताना अंग चोरते का बघा. एक्स-रे सांगितला तर टाळू नका. भट्टीवरचं कुत्रं म्हणजे गोचीड आलेच, तेव्हा रक्त तपासा. गोचीडतापात कुत्रं मलूल आणि चिडकं होतं, आपल्याला वाटतं स्वभाव आहे.

रेबीजची लस झाली असेल असं धरतो. नसेल तर उद्याच. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. लस घेतलेल्या कुत्र्याचा चावा असला तरी आपल्या मनानं ठरवायचं नाही.

लघवी होण्याइतकी भीती रोज असेल तर औषधं आहेत. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी कुत्र्यांनाही देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्याबरोबर वरचा सराव चालूच ठेवावा लागतो. ती गुंगीची गोळी नव्हे, तिनं कुत्रं शिकण्याच्या अवस्थेत येतं. माणसांच्या गोळ्या घरी अर्ध्या करून देऊ नका.

गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. डोक्यावरून घालायचा नको, गळ्यापाशी उघडणारा बघा.

दगडफूल

सगळ्यांचे आभार. रेबीजची आणि बाकीच्या लशी झाल्यात. एक्स-रे करायचा राहिलाय, शनिवारची वेळ घेते. आयडीवरून मी जाणारच नव्हते डॉक्टर, आमच्याकडे तुमच्या मूळ गिऱ्हाइकांपैकी दोन म्हशी आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. गुरगुरली तर गप्प बस म्हणायचं का? नवरा म्हणतो, आत्ताच मोडलं पाहिजे.

दुसरं, रानवाटांचं वाचल्यावर एक ध्यानात आलं. संध्याकाळी आबा सोप्यात बसून हरिपाठ म्हणतात. तेव्हा काठी मागं खुंटीला असते, मांडीवर टाळ. त्या वेळेला खारी माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बसलेली मी पाहिलीय. टाळाच्या आवाजानं दचकत नाही, नुसते कान हलतात. आबा बघतायत असं कळलं की उठून जाते. याचा उपयोग होईल?

रानवाटा

होईल म्हणजे काय, तुम्हाला आयती वेळ मिळाली! रोज तीच वेळ, तीच जागा, तोच आवाज, माणूस बसलेला, हात टाळात गुंतलेले, नजर दुसरीकडं. भित्र्या कुत्र्याला याहून काय पाहिजे? पनीरची वाटी आबांच्या शेजारी ठेवा. अभंग संपला की न बघता एक तुकडा उंबऱ्याच्या पलीकडं, माजघरात. बस, हरिपाठ चालू ठेवायचा. ती एक दिवस उंबरा ओलांडेल, तेव्हा कुणी "आली गं आली!" करून ओरडू नका. (माझ्या आईनं केलं होतं. कुत्रं तीन दिवस गच्चीवर.)

गुरगुरण्याबद्दल नवऱ्याला सांगा, मोडू नका. ती तिची सूचना आहे. सूचना देणं बंद केलं की कुत्रं थेट चावतं, आणि मग लोक म्हणतात "काही न सांगता चावलं". गुरगुरली की आबांनी आहे तिथं थांबायचं, ती बाजूला झाली की मग जायचं. त्याच्याही आधीच्या खुणा शिका: ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, तोंड फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं. तेवढ्यावरच थांबलात तर गुरगुरायची वेळच येणार नाही.

कायद्याचं_बोला

अवांतर: भट्टीवाल्यावर तक्रार केली का? प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये फार आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हाच आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड किती, तर १० ते ५० रुपये. चहा-वड्याचं बिल जास्त होतं. प्राण्याला मारून टाकलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, तिथं पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जखमेचे फोटो आणि डॉक्टरांचे कागद जपून ठेवा.

दगडफूल

फोटो त्या पोरांकडं आहेत, मागवून घेते.

थोडं अपडेट. एक्स-रेत मागच्या डाव्या पायाचं जुनं, वाकडं जुळलेलं हाड निघालं. दुखण्याची गोळी चालू केलीय, बाकी औषधाचं डॉक्टर महिन्यानं बघू म्हणाले. फिजिओथेरपिस्टला विचारून आबांना चार पायांची ॲल्युमिनियमची काठी आणली. ती टकटक करत नाही आणि खारीला ती काठी वाटतच नाही बहुतेक, लांबून वास घेऊन आली. आबांना मात्र ती पसंत नाही. "दवाखान्यातून पळून आल्यासारखं दिसतं," म्हणतात. देवळात जाताना वेताचीच लागते, त्यामुळे जुन्या काठीचा सराव मी परड्यात चालू ठेवलाय. सध्या भिंतीला उभी काठी इथवर आलोय. आवाजाचं रेकॉर्डिंग अजून बारीकच.

हरिपाठाचं जमतंय. उंबरा ओलांडला. आबा बघत नाहीत, पण अभंग आता फार लवकर संपायला लागलेत असं नवरा म्हणतो. पनीर रोज वाटीभर जातंय, चालेल ना?

ढोरडॉक्टर

वाटीभर जास्त झालं. निम्मं करा, तुकडे अजून बारीक करा आणि तेवढा रात्रीचा भात कमी करा. वाकड्या पायावर वजन वाढायला नको. महिन्याला एकदा दवाखान्यात नुसतं वजन करायला आणा, सुई न टोचता. तिलाही कळू दे की तिथं दर वेळी टोचत नाहीत.