बोंडल्यावरचं बाळ अंगावर कसं आणायचं?

आशाताई, गगनबावडा
३२व्या आठवड्यात झालेलं बाळ एसएनसीयूतून (आजारी नि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या कक्षातून) घरी आलंय. आता गर्भारपणापासून मोजून ३५ आठवडे भरलेत, वजन १७५० ग्रॅम. दर दोन तासांनी आईचं काढलेलं दूध २३ मिली, बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने). अंगावर लावलं की चार-पाचदा ओढतं नि झोपतं. सासूबाई म्हणतात दूध कमी आहे, वरचं सुरू करा. बोंडलं कसं सोडवायचं?

सिस्टर, नवजात कक्ष
दूध कमी आहे असं यावरून ठरत नाही. बाळ दमतंय. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, पक्का व्हायला आणखी वेळ लागतो. मध्ये थांबतं तेव्हा ते श्वास घेत असतं. तेव्हा हलवू नका.

उजव्या बाजूला पाजताना बाळ डाव्या हातावर घ्या. तळवा खांद्यांमागे, बोटं कानांखाली. डोकं मागून दाबलं तर हनुवटी छातीला टेकते, श्वास कोंडतो आणि बाळ उलट मागे रेटतं. दुसऱ्या हाताच्या तीन बोटांवर स्तन पेलून धरा. अंगठा नि तर्जनी पुढे काढून त्यांच्या बेचक्यात हनुवटी टेकवा. जबडा स्थिर राहिला की पकड सुटत नाही.

आधी हाताने दाबून धार सुरू करा, म्हणजे दमण्याआधी पोटात जाईल. ठसका लागत असेल तर पहिली जोराची धार वाटीत काढून मग लावा. ओठ निळे पडले किंवा श्वास थांबला तर पाजणं बंद, लगेच दवाखाना.

स्तनपान समुपदेशक
बोंडलं एकदम सोडू नका. आधी अंगावर, मग पूर्ण २३ मिली. पाच-दहा मिनिटं घोट ऐकू यायला लागले की निम्मं करा. एकाच काट्यावर वजन बघा: रोज २०-३० ग्रॅम वाढ हवी. कमी भरली तर पुन्हा पूर्ण माप, आणि डॉक्टरांना दाखवा.

बाळ ओढत नाही तोवर आईने २४ तासांत आठदा दूध काढायचं, रात्रीही. स्तन रिकामा झाला नाही तर दूध खरंच आटतं. गुटी, मध नको.

आशाताई, गगनबावडा
इथे पाऊस नि गारठा आहे. कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं) आईला सलग जमत नाही.

सिस्टर, नवजात कक्ष
गारठ्यात बाळाची ताकद ऊब धरण्यातच जाते, ओढायला उरत नाही. त्यामुळे कांगारू केअर सोडू नका. टोपडं, मोजे, लंगोट, बाकी उघडं अंग छातीला. शेगडीचा धूर नको. आई दूध काढत असेल तेव्हा सासूबाईंनी बाळाला उराशी घ्यावं.